एका प्रभाराचे अनेक वाटेकरी

पदव्युत्तर वर्गाच्या प्रात्यक्षिकात एक प्रसंग दरवर्षी घडतो. एका चंचुपात्रात कायटोसॅनचे पातळ द्रावण असते, दुसऱ्यात सोडियम अल्जिनेटचे. दोन्ही नितळ, ढवळताना हाताला जरा जड लागणारी. विद्यार्थी एक दुसऱ्यात ओततो आणि दूध नासावे तशा पांढऱ्या गुठळ्या होतात. कांडी फिरवली तर त्या कांडीलाच गुंडाळतात. "मॅडम, नासलं," म्हणत कुणीतरी पात्र घेऊन बेसिनकडे निघतो. त्याला अडवावे लागते. या पुस्तकाची सगळी प्रकरणे त्या नासलेल्या गुठळीबद्दल आहेत.

गुठळी का होते? आम्लात विरघळलेल्या कायटोसॅनच्या साखळीवर जागोजागी धन प्रभार असतो, अल्जिनेटच्या साखळीवर ऋण. विरुद्ध प्रभार एकमेकांना ओढतात हे शाळेतले उत्तर झाले, आणि ते अर्धेच आहे. प्रत्येक साखळीभोवती तिचा प्रभार सांभाळणारे लहान आयन घुटमळत असतात. कायटोसॅनभोवती अॅसिटेट, अल्जिनेटभोवती सोडियम. साखळ्यांची जोडी जमली की या राखणदारांचे काम संपते. ते हजारोंनी मोकळे सुटतात, पाण्यात वाटेल तिकडे पांगतात, आणि त्या पांगापांगीने वाढलेली एंट्रॉपी बंध पक्का करते. तयार होणाऱ्या पदार्थाला मी इथे 'संकुल' म्हटले आहे. 'जटिल' हा शब्द पाठ्यपुस्तकांत रुळला आहे हे मला ठाऊक आहे, पण गुठळीसारख्या जिवंत गोष्टीला जटिल म्हणायला मन घेत नाही.

कायटोसॅन कुठून येते याची कथा जुनी आहे. फ्रान्समधल्या नान्सी शहराच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख आंरी ब्राकोनो याने 1811 मध्ये भूछत्रांतून एक न विरघळणारा, हट्टी पदार्थ वेगळा केला. 1823 मध्ये ओदिए याला तसाच पदार्थ भुंगेऱ्यांच्या कठीण पंखांत सापडला. ग्रीक भाषेत अंगरख्याला जो शब्द आहे त्यावरून त्याने त्याचे नाव 'कायटिन' ठेवले. 1859 मध्ये रूजे याने कायटिन तीव्र पोटॅशमध्ये उकळले आणि जे उरले ते सौम्य आम्लात विरघळू लागले. त्याला 'कायटोसॅन' हे नाव 1894 मध्ये होप्पे-झायलर याने दिले. हिमोग्लोबिनचे बारसेही याच गृहस्थाने केले होते. नावे ठेवण्यात हात चांगला होता.

कायटिन म्हणजे किड्यांचे, खेकड्यांचे, कोळंबीचे कवच आणि बुरशीच्या पेशीभित्तिकेचा सांगाडा. सेल्युलोजच्या खालोखाल निसर्गात भरपूर असलेली ही शर्करासाखळी. कोकणी वाचकाला तिची ओळख करून द्यायची गरज नाही. जवळ्याची चटणी खाणाऱ्याने कायटिन आयुष्यभर चावलेले आहे, फक्त त्याला नाव माहीत नव्हते. ससून गोदीत पहाटे कोळंबी सोलायला बसलेल्या बायांच्या बाजूला डोक्यांचा आणि सालांचा जो ढीग वाढत जातो, तो वजनाने मूळ कोळंबीच्या जवळजवळ निम्मा असतो. तो वेळेत उचलला नाही तर त्याचा वास काय असतो हे सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने या कचऱ्यातून कायटिन आणि कायटोसॅन काढण्यावर कित्येक दशके काम केले आहे.

काढण्याची रीत तीन पायऱ्यांची. सुक्या कवचात कॅल्शियम कार्बोनेट, प्रथिने आणि 15 ते 30 टक्के कायटिन असते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की कार्बोनेट फसफसून निघून जाते. सोडावॉटरची बाटली फोडल्यासारखा फेस येतो आणि कडक साल लिबलिबीत होते. मग सौम्य कॉस्टिक सोडा प्रथिने काढतो. शेवटी 40 ते 50 टक्क्यांच्या कॉस्टिकमध्ये शंभरेक अंशांवर तापवले की साखळीच्या प्रत्येक कडीला चिकटलेला अॅसिटाइल गट गळून पडतो आणि खाली दडलेला अमाइन गट उघडा होतो. सगळ्या कड्यांचा नाही. बाजारातल्या मालात 75 ते 95 टक्के कड्या उघड्या असतात. 'समुद्री कचऱ्यातून पर्यावरणस्नेही पदार्थ' अशी जाहिरात वाचताना या कॉस्टिकच्या पिंपांची आणि धुण्याला लागणाऱ्या पाण्याचीही आठवण ठेवावी. अलीकडे अॅस्परजिलससारख्या बुरशीतूनही कायटोसॅन काढतात. कवचयुक्त मासळीची ॲलर्जी असलेल्यांना आणि शाकाहाराचा आग्रह असलेल्यांना ते जवळचे वाटते.

आता मुद्द्याची गोष्ट. उघडा झालेला अमाइन गट आम्लात एक हायड्रोजन आयन उचलतो आणि धन प्रभारित होतो. कायटोसॅनचे मोल असते ते या प्रभारात. तो गेला की उरते ते पाण्यात न विरघळणारे, निरुपद्रवी पांढरे भुसकट. जिवाणूंच्या बाहेरच्या अंगावर ऋण प्रभार असतो. ग्रॅम-धन जिवाणूंवर टायकोइक आम्लांचा, ग्रॅम-ऋण जिवाणूंवर लिपोपॉलिसॅकराइडचा. दुसऱ्या प्रकारात हे आवरण मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या आयनांनी टाके घातल्यासारखे शिवलेले असते. कायटोसॅनची साखळी त्या टाक्यांच्या जागी स्वतः बसते, शिवण उसवते, पेशीपटल गळू लागते. प्रतिजैविक औषधे बहुधा पेशीतले एखादे ठरावीक यंत्र बंद पाडतात, हे द्रव्य भिंतच खिळखिळी करते. म्हणून त्याच्याविरुद्ध प्रतिकार उभा राहणे अवघड, असे म्हणतात. अवघड हे खरे, अशक्य मात्र नाही. स्टॅफिलोकोकसचे काही वाण आपल्या टायकोइक आम्लावर डी-अॅलानिन चढवून बाहेरचा ऋण प्रभार कमी करतात आणि कायटोसॅनला पाय रोवायला जागाच ठेवत नाहीत. हिशेब जिवाणूंनाही येतो.

प्रतिकाराची चिंता अवास्तव नाही. 2019 या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट 12.7 लाख मृत्यू झाल्याचा, आणि अशा संसर्गाशी संबंध असलेले मृत्यू 49.5 लाख असल्याचा अंदाज 'लॅन्सेट'ने 2022 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातला मोठा भाग जखमा, मूत्रनलिका, श्वासनलिका, शस्त्रक्रियेची जागा अशा पृष्ठभागांवरून आत शिरतो. म्हणून आतून घेण्याच्या गोळीऐवजी पृष्ठभागच जिवाणूंना नकोसा करावा ही कल्पना पुढे आली. आमचा विषय तिथे सुरू होतो.

आणि अडचणही तिथेच सुरू होते. जिवाणू मारतो तो धन प्रभार. ऋण साखळीला धरून संकुल बांधतो तोही धन प्रभार. शेतकऱ्याच्या कणगीतले दाणे खायलाही तेच आणि पेरायलाही तेच. जेवढे दळले तेवढे पेरणीला उरत नाहीत. या क्षेत्रातले बहुतेक निराशाजनक निकाल, आणि बरेचसे फसवे उत्साहवर्धक निकालही, हा साधा हिशेब न केल्याने आलेले आहेत असे माझे मत आहे. या पुस्तकाचा सगळा रोख त्यावर आहे, म्हणून आकड्यांत मांडते.

एक हजार कड्यांची साखळी घ्या. त्यातल्या 85 टक्के उघड्या, म्हणजे 850 अमाइन गट. कायटोसॅनच्या अमाइनसाठी निम्मे गट प्रभारित असण्याचा सामू साधारण 6.5 धरतात. मग सामू 5.5 असताना 850 पैकी सुमारे 770 गट प्रभारित असतील. 6.5 ला 425. आणि रक्ताच्या 7.4 सामूला? जेमतेम 95. आता या साखळीसमोर 600 ऋण प्रभारांची अल्जिनेट साखळी आणा. 5.5 सामूला संकुल बांधून झाल्यावर जिवाणूंसाठी 170 धन प्रभार हाती राहतात. 7.4 ला मात्र 600 ऋणांसमोर 95 धन उभे आहेत. संकुल सैल पडते, फुगते, आणि जिवाणूला बाहेरून दिसतो तो ऋण पृष्ठभाग. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! हा ढोबळ हिशेब आहे. ऋण साखळी शेजारी असली की अमाइनचा तो 6.5 चा आकडा वर सरकतो आणि परिस्थिती इतकी वाईट राहत नाही. तरीही दिशा बदलत नाही. निरोगी त्वचा आम्लधर्मी असते, सामू साडेपाचाच्या आसपास. जुनाट, चिघळलेली जखम बहुधा सातच्या वर असते. जिथे गरज सर्वांत जास्त, नेमकी तिथेच पुंजी सर्वांत कमी.

मग संकुल करायचेच कशाला, नुसते कायटोसॅन का नको? विद्यार्थी हे विचारतात आणि विचारलेच पाहिजे. नुसत्या कायटोसॅनचा पापुद्रा आम्लात विरघळून जातो, ओला झाला की फुगून त्याचे बळ जाते, सुकला की तडकतो. ऋण साखळीशी बांधला की तो आकार धरतो, पाणी शोषून जेलीसारखा राहतो, पोटात औषध किंवा धातूचे आयन साठवून हळूहळू सोडू शकतो. तेही विषारी जोडरसायनांशिवाय, नुसत्या पाण्यात. जोडीदारही परके नाहीत. अल्जिनेट तपकिरी समुद्री शैवालांतून येते, रत्नागिरी-मालवणच्या खडकांवर उगवणारे सारगॅसम त्याच कुळातले. पेक्टिन लिंबू-संत्र्याच्या सालीत असते. अरबी डिंक आपल्या बाभळीच्या नात्यातल्या झाडाचा.

या संकुलांचे शास्त्र कायटोसॅनच्या आधी वेगळ्याच घरात वाढले. 1929 मध्ये बुंगेनबर्ग द योंग आणि क्रॉइट या डच शास्त्रज्ञांनी जिलेटिन आणि अरबी डिंकाच्या मिश्रणातून वेगळ्या होणाऱ्या घट्ट द्रवाला 'कोअॅसर्व्हेट' म्हटले. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत बॅरेट ग्रीन यांनी त्याच जोडीच्या सूक्ष्म कुप्यांत रंगद्रव्याचे तेल कोंडले आणि कार्बन न घालता नक्कल उठणारा कागद तयार झाला. पावतीपुस्तकावर जोर देऊन सही करणाऱ्या प्रत्येकाने त्या कुप्या फोडल्या आहेत. 1961 मध्ये मायकेल्स आणि मिएका यांनी दोन कृत्रिम, तीव्र प्रभारित साखळ्यांचे संकुल केले, तेव्हा धन आणि ऋण जवळजवळ एकास एक जुळले होते. मॉस्कोत काबानोव्ह आणि झेझिन यांनी उलटी वाट धरली. एक बाजू मुद्दाम जास्त घेऊन त्यांनी विषम प्रमाणातली, पाण्यात विरघळलेली संकुले अभ्यासली. माझ्या मते जिवाणूरोधक पदार्थ करणाऱ्याने सर्वांत आधी वाचावी ती मॉस्कोची परंपरा. एकास एक जुळलेले संकुल दिसायला देखणे असते, पण त्याच्याकडे कोणावर खर्च करायला काही उरलेले नसते.

वाटेकरी आणखीही आहेत. प्रयोगशाळेत पदार्थ तपासतात तो स्वच्छ, पातळ क्षारद्रावणात. जखमेत रक्तद्रव असतो, त्यात अल्ब्युमिन भरपूर, आणि अल्ब्युमिनवर शरीराच्या सामूला ऋण प्रभार असतो. जिवाणू पोचण्याआधी तेच येऊन बसते. पहिल्या फळीतले जिवाणू मेले तर त्यांची कलेवरे पृष्ठभागावर चिकटून राहतात आणि मागून येणाऱ्यांना गादी मिळते. मग त्या गादीवर बायोफिल्मचा थर चढतो. स्पर्शाने मारणाऱ्या कुठल्याही पृष्ठभागाची ही दुखरी नस आहे.

यातून निघण्याच्या वाटा शोधणाऱ्यांनी चार-पाच दिशांनी धाव घेतली आहे. कायटोसॅनचे प्रमाण मुद्दाम जास्त ठेवणे ही पहिली, वर आलीच. दुसरी रसायनाची. अमाइनच्या नायट्रोजनवर तीन मेथिल गट बसवले की त्याचा धन प्रभार सामूवर अवलंबून राहत नाही. आपल्या साखळीतल्या 850 पैकी 340 गट असे कायमचे प्रभारित केले, तर 7.4 लाही 340 हाताशी असतात. किंमत अशी की प्रभार फार वाढला तर आपल्या स्वतःच्या पेशींनाही तो सोसत नाही. तिसरी वाट थरांची. जर्मनीत गेरो डेखर यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला काच आळीपाळीने धन आणि ऋण द्रावणांत बुडवून नॅनोमीटरच्या मापाने थर चढवण्याची रीत रूढ केली. शेवटची बुडी कायटोसॅनची द्यायची, म्हणजे बांधकाम आतल्या थरांत आणि मोकळा प्रभार माथ्यावर. चौथ्या वाटेवर संकुलाने मारायचेच नाही, फक्त कोठार व्हायचे. चांदीचे कण, जस्ताचे आयन किंवा एखादे प्रतिजैविक ते पोटात ठेवते आणि गरजेप्रमाणे सोडते. पाचवी वाट मला व्यक्तिशः सर्वांत शहाणी वाटते. हेपॅरिनसारख्या पाणी धरून ठेवणाऱ्या ऋण साखळीबरोबर कायटोसॅनचे मऊ, ओलसर थर चढवायचे, म्हणजे जिवाणूला बसायलाच जागा मिळत नाही. मारणे नाही, कलेवरे नाहीत, गादी नाही. मूत्रनलिकेसाठी याहून जास्त काय हवे?

चाचण्यांबद्दल थोडे कडू बोलणे भाग आहे. शोधनिबंधांत अगारच्या बशीवर पदार्थाची चकती ठेवून भोवतीचे नितळ वर्तुळ मोजलेले असते. वर्तुळ मोठे, पदार्थ चांगला. पण कायटोसॅनची लांबलचक साखळी अगारमधून सरकतच नाही. मग वर्तुळ पडले कशाने? पुष्कळदा उत्तर असते, ज्यात ते विरघळवले होते त्या अॅसिटिक आम्लाने. म्हणजे पदवी मिळते ती व्हिनेगरच्या जोरावर. माझ्या हाताखालच्या पहिल्या प्रबंधातही ही चूक होती. बाहेरच्या परीक्षकांनी नुसत्या आम्लाची चकती कुठे आहे असे विचारले तेव्हा माझी मान खाली गेली. दुसरी खोड टक्केवारीची. '99.9 टक्के जिवाणू नष्ट' हे वाक्य दहा लाखांतले एक हजार जिवंत आहेत असेही वाचता येते. ई. कोलायला अनुकूल स्थितीत दुप्पट व्हायला वीसेक मिनिटे लागतात, म्हणजे ते हजार पुन्हा दहा लाख व्हायला साडेतीन तासही लागत नाहीत. पट्टी दिवसभर ठेवायची असेल तर टक्केवारीपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळची मोजणी महत्त्वाची.

मग काहीच कामाचे नाही का? तसे नाही. कायटोसॅनच्या 'हेमकॉन' पट्टीला अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने 2002 मध्ये मान्यता दिली आणि इराक-अफगाणिस्तानच्या युद्धांत ती सैनिकांच्या पिशवीत होती. तिथे तोच धन प्रभार वेगळ्या कामाला येतो. लाल पेशींच्या अंगावरही ऋण प्रभार असतो, त्या कायटोसॅनला चिकटून गोळा होतात आणि वाहती जखम बुजते. हे काम मिनिटांत संपते, म्हणून सामूचा आणि रक्तद्रवाचा त्रास तितका जाणवत नाही. फळांवरचे लेप, सुती कापडावरचे संस्करण, अन्नाची वेष्टने यांवर पुढे एकेक प्रकरण आहे. ही सामान्यतः सौम्य आम्लधर्मी, कोरडी, रक्ताविना असलेली क्षेत्रे, त्यामुळे यश तुलनेने सोपे.

पुस्तक वाचणाऱ्याला बारावीपर्यंतचे रसायनशास्त्र आठवत असावे एवढीच अपेक्षा आहे. शब्दांबाबत थोडी मोकळीक घेतली आहे. 'सामू' आणि 'प्रभार' मराठीत रुळलेले आहेत, ते ठेवले. 'बहुवारिक' वर्गात कोणी म्हणत नाही, म्हणून 'पॉलिमर' आणि 'साखळी' आलटून पालटून येतील. 'जिवाणूनाशक' आणि 'जिवाणूरोधक' या दोन शब्दांत मात्र गल्लत केलेली नाही. पहिला मारतो, दुसरा वाढू देत नाही. ज्या पदार्थाची मारल्याची मोजणी मी पाहिली नाही त्याला पुस्तकभर दुसराच शब्द लावला आहे.

शेवटच्या प्रकरणाआधी एक प्रयोग करून बघावा, साहित्य फारसे लागत नाही. काचेच्या पट्टीवर कायटोसॅनच्या द्रावणाचा एक थेंब ठेवा, शेजारी अल्जिनेटचा, दोघांच्या कडा जेमतेम टेकतील असे. टेकल्याबरोबर मध्ये एक पातळ पापुद्रा धरतो. चिमट्याने तो पापुद्रा पकडून सावकाश वर उचला. खालून पापुद्रा पुन्हा पुन्हा धरत राहतो आणि चिमट्यामागून एक अखंड ओला धागा निघतो, थेंब संपेपर्यंत. घाई केली तर तुटतो. बेसिनकडे निघालेल्या त्या मुलाला मी आधी हाच धागा काढायला लावते, आणि मग वहीत त्या दिवशीचा सामू लिहायला.